ट्रिपॅनोसोमाच्या पेशीत शिरणाऱ्या पुटिकांचा माग कसा काढावा

आफ्रिकेतील निद्रारोगाला कारणीभूत असणारा ट्रिपॅनोसोमा ब्रुसी हा एकपेशीय परजीवी रक्तातील प्रथिने एकाच दारातून आत घेतो. कशाभिका (पेशीची चाबकासारखी शेपटी) पेशीतून जेथे बाहेर पडते, तेथील खोलगट कोश म्हणजे ते दार. उरलेल्या पेशीपटलाखाली सूक्ष्मनलिकांची दाट जाळी असते. कोशात मात्र क्लॅथ्रिन या प्रथिनाच्या आधाराने पुटिका (पटलाच्या सूक्ष्म पिशव्या) इतक्या भराभर सुटतात की पृष्ठभागावरील प्रथिनांचा सारा साठा सुमारे १२ मिनिटांत एकदा आत जाऊन परत येतो. हा वेग रोखण्याचे साधन म्हणजे तापमान, आणि या प्रयोगाचे यश त्यावरच ठरते.

रक्तावस्थेतील पेशी दर मिलिलिटरला १० लाखांच्या खाली असतानाच घ्याव्यात. त्या सीरमविरहित, पण ग्लुकोज व अल्ब्युमिन असलेल्या माध्यमात धुवाव्यात, कारण ग्लुकोजवाचून त्या तग धरत नाहीत. मग ३७ अंशांवर थोडा वेळ ठेवाव्यात, म्हणजे सीरममधील ट्रान्सफेरिन या लोहवाहक प्रथिनाने अडवलेले ग्राही (त्याला पकडणारी पेशीची प्रथिने) मोकळे होतील. ही पायरी घाईत गाळली, तर पुढचे चित्र फिकटच येते.

आता पेशी बर्फावर ठेवून फ्लुओरेसंट ट्रान्सफेरिन घालावे. ४ अंशांवर ते कोशातच चिकटून राहते, १२ अंशांवर सुरुवातीच्या एंडोसोमपर्यंत (आत आलेला माल प्रथम पोहोचतो त्या कप्प्यापर्यंत) पोहोचते आणि ३७ अंशांवर लयकारिकेत (विघटन करणाऱ्या कप्प्यात) जाते. तेथे त्याचे झपाट्याने विघटन होत असल्याने ल्युपेप्टिन हे विघटन रोखणारे द्रव्य आधीच मिसळावे. प्रत्येक टप्प्यावर पेशी पॅराफॉर्माल्डिहाइडने स्थिर करून डीएपीआय या डीएनए रंगवणाऱ्या द्रव्याने रंगवाव्यात: लहान ठिपका कायनेटोप्लास्टचा (कशाभिकेच्या बुडाशी असलेल्या डीएनएच्या पुंजक्याचा), मोठा केंद्रकाचा. कोश कायनेटोप्लास्टला लागून, तर लयकारिका कायनेटोप्लास्ट आणि केंद्रक यांच्या दरम्यान दिसते. एका नमुन्यात साधे ट्रान्सफेरिन भरपूर घालावे; तरीही चमक तशीच राहिली, तर ती ग्राहींमुळे आलेली नाही असे समजावे.

प्रयोगशाळेतील नेहमीचा लिस्टर ४२७ वाण माणसाच्या रक्तात मरतो, कारण एपीओएल१ हे आपले प्रथिन याच दाराने आत शिरून त्याला मारते. जनावरांना सर्रा हा रोग जडवणाऱ्या ट्रिपॅनोसोमा इव्हान्सीलाही ते मारते. परंतु २००४ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातील एका शेतकऱ्याला त्याच परजीवीची लागण झालेली आढळली आणि त्याच्या रक्तात एपीओएल१ नसल्याचे पुढे सिद्ध झाले. आपल्या रक्तात ते आहे, असे कोणीही गृहीत धरू नये. निरुपद्रवी समजला जाणारा वाण हाताळतानाही हातमोजे घालावेत आणि काम जैवसुरक्षा कक्षातच करावे.