वेब ॲप की नेटिव्ह ॲप: पैसे मोजण्याआधी कसे ठरवावे

वेब ॲप म्हणजे लिंकवरून ब्राउझरमध्ये उघडणारे, नेटिव्ह ॲप म्हणजे खास फोनसाठी लिहिलेले आणि सहसा स्टोअरमधून उतरवून बसवायचे. धंद्यासाठी ॲप करायचे ठरले की पहिला सल्ला येतो, "प्ले स्टोअरवर असायलाच हवे, नाहीतर लोक विश्वास ठेवत नाहीत." हा सल्ला सोडून द्या. निर्णय दोनच प्रश्नांवर ठरतो. रेंज गेली तर काम अडते का? आणि स्क्रीन बंद असताना फोनने काही करत राहायचे आहे का? रंग, लोगो आणि वेग यांवर होणारी चर्चा नंतर करा, कारण साधे फॉर्म, याद्या आणि बुकिंग यांत आजच्या फोनवर दोन्हींचा वेग सारखाच जाणवतो.

१. उघडणारा माणूस कोण ते लिहून काढा

गोव्यात कळंगुटच्या शॅकवर, म्हणजे किनाऱ्यावरच्या खानावळीत, जेवायला आलेला किंवा पणजीत दोन दिवसांसाठी स्कूटर भाड्याने घेणारा पर्यटक तुमचे ॲप उतरवून घेणार नाही. त्याला टेबलावरचा क्यूआर कोड किंवा व्हॉट्सॲपवरची लिंक पुरते. शिवाय गुगलवर शोधताना तुमचे पान सापडायला हवे, आणि ते वेबवरच शक्य आहे. म्हणून पर्यटकासाठी वेब ॲप, यावर वेळ घालवू नका.

रोज तेच काम करणारा तुमचा माणूस वेगळा. त्याच्या फोनवर ॲप तुम्हीच बसवून द्याल. ग्राहकाला एक आणि कर्मचाऱ्याला दुसरे, असे उत्तर निघाले तर ते तसेच ठेवा. दोघांना एकाच ॲपमध्ये कोंबण्याच्या हट्टातून सर्वांत वाईट ॲप तयार होतात.

२. फोनच्या कोणत्या भागाला हात लागणार?

कॅमेरा, फोटो, चालू ठिकाण, क्यूआर वाचणे हे सगळे ब्राउझरमध्ये जमते. फोन खिशात असताना ठिकाण नोंदवत राहणे मात्र ब्राउझरमध्ये जमत नाही. पान समोर उघडे असेल तेवढाच वेळ ठिकाण मिळते. डिलिव्हरीचा मुलगा किंवा भाड्याची गाडी सतत नकाशावर दिसायला हवी असेल, तर नेटिव्ह घ्या आणि थेट पायरी ४ कडे जा.

पावती छापायच्या छोट्या ब्लूटूथ प्रिंटरपाशी पुष्कळजण फसतात. अँड्रॉइडवरचा क्रोम वेब ब्लूटूथमधून, म्हणजे वेब पानाला ब्लूटूथ यंत्राशी जोडणाऱ्या सोयीतून, फक्त कमी ऊर्जेच्या ब्लूटूथवर, म्हणजे बीएलईवर बोलतो. बाजारातले बरेच स्वस्त प्रिंटर जुन्या, क्लासिक ब्लूटूथवर चालतात. आयफोनच्या सफारीत वेब ब्लूटूथची सोयच नाही. प्रिंटर आधी विकत घ्या, त्यावर एक पावती छापून बघा आणि मगच डेव्हलपरशी किंमत ठरवा.

३. रेंज नसताना काय होते ते तपासा

निर्णय चुकतो तो इथेच. एक गट म्हणतो, वेब ॲपला इंटरनेट लागतेच. दुसरा म्हणतो, वेब ॲपही ऑफलाइन चालते, काळजी नको. दोन्ही अर्धवट आहे. ऑफलाइन वाचणे सोपे आहे. मेनू, दरपत्रक, ग्राहकांची यादी एकदा उतरली की सर्व्हिस वर्कर, म्हणजे ब्राउझरमध्ये मागे चालणारा वेब ॲपचा छोटा प्रोग्राम, ती फोनमध्ये ठेवतो आणि रेंज नसतानाही दाखवतो. खरी परीक्षा असते ऑफलाइन लिहिण्याची.

सत्तरी तालुक्यात काजूबिया खरेदी करणाऱ्याचे काम घ्या. बागायतीत वजन होते, दर लागतो, रक्कम ठरते, बागायतदाराला पावती मिळते. तिथे रेंज येईलच असे नाही. नोंद फोनमध्ये राहते आणि वाळपईला पोहोचल्यावर सर्व्हरवर जायला हवी. अँड्रॉइडच्या क्रोममध्ये बॅकग्राउंड सिंक आहे. नेट परत आले की ब्राउझर राहिलेली नोंद स्वतः पाठवू पाहतो, पण काही प्रयत्नांनंतर सोडून देतो. आयफोनवर ही सोय नाही. माणूस ॲप पुन्हा उघडेपर्यंत नोंद त्याच्या खिशातच बसते. संध्याकाळी सगळे ॲप उघडतात अशा धंद्यात हे चालून जाते. दुपारी मडगावच्या गोदामाला आकडे हवे असतील, तर चालत नाही.

दुसरा धोका अधिक गंभीर. सफारी वापरात असूनही सलग ७ दिवस त्या साइटला हात लागला नाही, तर साइटने फोनमध्ये साठवलेला डेटा सफारी पुसून टाकते. न पाठवलेल्या नोंदीही त्यात जातात. होम स्क्रीनवर बसवलेल्या वेब ॲपला हा नियम तसा आडवा येत नाही. म्हणून कर्मचाऱ्याच्या आयफोनवर शेअर बटणातून 'होम स्क्रीनवर जोडा' हे तुम्ही स्वतः करून द्या, आणि काम सुरू होण्याआधी करा. सफारीच्या टॅबमधला साठा आणि आयकॉनमागचा साठा वेगळा असतो. सकाळी टॅबमध्ये केलेल्या नोंदी दुपारी आयकॉन उघडल्यावर दिसत नाहीत, आणि माणूस घाबरून सगळे पुन्हा भरतो.

पुन्हा भरण्यावरून पुढची ताकीद: एकच नोंद दोनदा पोहोचणार हे गृहीत धरा. सर्व्हरवर पोहोचली पण 'मिळाली' हे उत्तर रेंजअभावी परत आले नाही, की फोन ती पुन्हा पाठवतो. प्रत्येक नोंदीला फोनमध्येच एक एकमेव क्रमांक द्या, आणि तोच क्रमांक परत आला तर सर्व्हरने नवी नोंद करू नये. वेब असो वा नेटिव्ह, हे हवेच. डेव्हलपरला हा प्रश्न विचारा. उत्तर पटकन आले नाही, तर डेव्हलपर बदला.

मर्यादित वस्तूचे ऑफलाइन वाटप मात्र कोणत्याच ॲपला जमत नाही. दिवाडीच्या होमस्टेतली एकच खोली दोघांनी दोन फोनवरून रेंज नसताना दिली, तर कोणतेही तंत्रज्ञान ते आधी रोखू शकत नाही. ऑफलाइन असताना 'विनंती नोंदवली' एवढेच दाखवा. 'खोली पक्की' हे शब्द सर्व्हरने उत्तर दिल्यावरच यावेत.

आता चाचणी. सगळे ॲप नको, एकच फॉर्म करून घ्या: नाव, वजन, दर, एक फोटो. कर्मचाऱ्यांकडे खरोखर आहेत तेच फोन घ्या, त्यात सर्वांत जुना अँड्रॉइड आणि असल्यास एक आयफोन हवा. फोन विमान मोडवर टाका, ५ नोंदी भरा, ॲप पूर्ण बंद करा, बॅटरी सेव्हर चालू करा आणि रात्रभर ठेवा. सकाळी ॲप न उघडता नेट चालू करा आणि तासाभराने सर्व्हर बघा. किती नोंदी आल्या? मग ॲप उघडा आणि पुन्हा मोजा. ॲप उघडल्यावर बरोबर ५ आल्या आणि तेवढा उशीर तुम्हाला परवडतो, तर वेब ॲप घ्या. उशीर परवडत नसेल तर नेटिव्ह. ५ च्या ६ झाल्या तर दोष क्रमांकाच्या व्यवस्थेत आहे, प्रकार बदलून तो जाणार नाही.

नेटिव्ह म्हणजे हमी, असेही समजू नका. आयफोन नेटिव्ह ॲपलाही पार्श्वभूमीत केव्हा आणि किती वेळ द्यायचा ते स्वतः ठरवतो, आणि काही अँड्रॉइड फोनांचे बॅटरी सेव्हर ॲप मारून टाकतात. तरीही नेटिव्हला संधी मिळते, आयफोनच्या वेब ॲपला तीही नाही.

नोटिफिकेशनही याच चाचणीत बघा. आयफोनवर वेब ॲपची नोटिफिकेशन आयओएस १६.४ पासून, म्हणजे २०२३ पासून येतात, पण होम स्क्रीनवर बसवलेल्या ॲपलाच. अँड्रॉइडवर बसवण्याची अट नाही.

४. स्टोअरचा खर्च आणि कॅलेंडर

गुगल प्लेचे खाते एकदाच २५ डॉलर, ॲपलचे दरवर्षी ९९ डॉलर. वैयक्तिक नावाने गुगल प्लेचे नवे खाते काढल्यास ॲप सर्वांसाठी खुले करण्याआधी किमान १२ जणांनी सलग १४ दिवस त्याची बंद चाचणी करावी लागते. पर्यटनाचा हंगाम ऑक्टोबरात सुरू होतो, तेव्हा सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात खाते काढणाऱ्याचा सुरुवातीचा धंदा बुडतो. नुसती वेबसाइट ॲपच्या आवरणात गुंडाळून ॲपलकडे पाठवलीत तर पुरेशी उपयुक्तता नाही म्हणून ती नाकारली जाऊ शकते. प्ले स्टोअरवर मात्र चांगले वेब ॲप गुंडाळून ठेवता येते.

खोली, जेवण, स्कूटर यांचे पैसे ॲपमध्ये यूपीआयने घेतले तर स्टोअर वाटा मागत नाही. ऑनलाइन वर्ग किंवा ई-पुस्तक ॲपमध्ये विकलेत तर सहसा १५ ते ३० टक्के जातात. डिजिटल माल विकणाऱ्याने हा हिशेब सर्वांत आधी मांडावा.

५. नेटिव्ह ठरलेच तर

छोट्या धंद्याने अँड्रॉइड आणि आयफोनसाठी दोन वेगळे ॲप लिहून घेऊ नयेत. फ्लटर किंवा रिॲक्ट नेटिव्ह घ्या, त्यांत एकदाच लिहिलेले ॲप दोन्ही फोनांवर चालते. वेब ॲप आधीच तयार असून फक्त प्रिंटर अडतो आहे, तर ते कॅपॅसिटरमध्ये, म्हणजे वेब ॲपला नेटिव्ह आवरण देणाऱ्या साधनात, बसवून तेवढा भाग जोडता येतो.

पहिल्याच आवृत्तीत 'किमान चालणारी आवृत्ती' तपासण्याची सोय घाला. लोक अपडेट करत नाहीत, आणि जुने ॲप चुकीचा दर लावत राहिले तर ते बंद करायला तुमच्या हातात दुसरे काही नसते. वेब ॲपमध्येही सर्व्हिस वर्कर जुने पान धरून बसतो, म्हणून 'नवी आवृत्ती आली, पान ताजे करा' ही पट्टी हवी. गुगल प्लेसाठी दरवर्षी नव्या अँड्रॉइडनुसार ॲप पुन्हा बांधून द्यावे लागते. ती मजुरी करारात आधीच लिहून घ्या.

डोमेन, सर्व्हर आणि दोन्ही स्टोअरची खाती स्वतःच्या ईमेलने काढा आणि डेव्हलपरला फक्त प्रवेश द्या. अँड्रॉइड ॲपवर सही करण्याची की-फाइल आणि तिचा पासवर्ड पहिला हप्ता देतानाच मागून घ्या.