मूट कोर्टात दोन्ही बाजू लढताना

मूटला, म्हणजे कायद्याच्या विद्यार्थ्यांच्या अभिरूप न्यायालय स्पर्धेला, पहिल्यांदाच उतरणाऱ्यांसाठी लिहिते आहे. मेमोरियल, म्हणजे लेखी युक्तिवाद, दोन्ही बाजूंचं करावं लागतं आणि कोणत्या फेरीत कुठली बाजू वाट्याला येईल हे आपल्या हातात नसतं, एवढं तुम्हाला माहीत असेलच. फूटनोट, पानांची मर्यादा, बेंचला (न्यायाधीश म्हणून बसणाऱ्यांना) कसं संबोधायचं हे सीनियर सांगतील. ज्यानं मला सगळ्यात जास्त रडवलं त्याबद्दल मात्र कुणी बोललं नव्हतं. ते म्हणजे निकालांची वाटणी.

मूट प्रॉब्लेम (स्पर्धेसाठी दिलेला कल्पित खटला) आला की टीम बसते आणि दोन फोल्डर तयार होतात. हा निकाल याचिकाकर्त्याचा, तो प्रतिवादीचा. मग प्रत्येक जण आपल्या फोल्डरमधला निकाल सोयीच्या परिच्छेदापुरता वाचतो. इथेच घात होतो.

इच्छामरणाचा विषय घ्या. अरुणा शानबाग प्रकरणातला २०११ चा निकाल बिनदिक्कत याचिकाकर्त्याच्या फोल्डरमध्ये टाकला जातो, कारण 'या निकालानं निष्क्रिय इच्छामरणाला मान्यता दिली' हे वाक्य सगळ्यांना पाठ असतं (निष्क्रिय म्हणजे जगवून ठेवणारे उपचार थांबवणं). ते खरंही आहे. पण ती याचिका फेटाळली गेली होती! १९७३ मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात हल्ला झाल्यापासून अरुणा शानबाग तिथेच अंथरुणाला खिळून होत्या. पत्रकार पिंकी विरानी यांनी 'नेक्स्ट फ्रेंड' (स्वतः दाद मागू न शकणाऱ्याच्या वतीनं उभी राहणारी व्यक्ती) म्हणून त्यांच्या वतीनं सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. न्यायालयानं त्यांची तळमळ मान्य केली, पण नेक्स्ट फ्रेंड मानलं ते वर्षानुवर्षं सेवा करणाऱ्या केईएमच्या कर्मचाऱ्यांना. आणि त्यांना अरुणा जगायला हव्या होत्या. त्या पुढे २०१५ पर्यंत जगल्या. म्हणजे तत्त्व याचिकाकर्त्याच्या कामाचं आणि आदेश प्रतिवादीच्या. त्याच निकालात, मालमत्तेच्या लोभानं नातेवाईक गैरफायदा घेतील ही भीती न्यायालयानं बोलून दाखवली आहे आणि म्हणून उच्च न्यायालयाच्या परवानगीची अट घातली होती. प्रतिवादीचा सगळ्यात भक्कम मुद्दा आणि त्यावर याचिकाकर्त्याचं उत्तर, दोन्ही एकाच निकालात.

बेंच नेमकं हेच विचारते. "काउन्सेल, त्या याचिकेचं पुढे काय झालं?" हेडनोटवर (निकालाच्या सुरुवातीला छापलेल्या सारांशावर) तयारी केलेला वक्ता इथे गप्प होतो, आणि त्यानंतर त्याचा चांगला मुद्दाही कुणी मनावर घेत नाही.

ज्ञान कौर निकालाचंही असंच. १९९४ च्या पी. रथिनम निकालानं राज्यघटनेच्या कलम २१ मध्ये, म्हणजे जगण्याच्या हक्कात, मरणाचा हक्क पाहिला होता, १९९६ मध्ये ज्ञान कौरमध्ये पाच न्यायमूर्तींच्या पीठानं तो रद्द ठरवला. झालं, टीम म्हणते, ज्ञान कौर प्रतिवादीचा. पण मृत्यू अटळ आहे आणि नैसर्गिक मरणाची प्रक्रिया सुरू झालेली आहे अशा माणसाच्या सन्मानानं मरण्याबद्दलचा भागही त्याच निकालात आहे. २०१८ च्या कॉमन कॉज निकालानं त्याचा आधार घेतला, आणि वर २०११ च्या पीठानं ज्ञान कौरचा अर्थ एका बाबतीत चुकीचा लावला होता हेही नोंदवलं. ही साखळी कुठल्याच एका फोल्डरमध्ये मावत नाही. म्हणून फोल्डर करूच नका. एक निकाल, एक कागद. मध्ये रेघ मारून दोन्हीकडचे मुद्दे परिच्छेद क्रमांकासह लिहा. वेळ जातो, जाऊ द्या.

मागच्या वर्षीचं मेमोरियल मागून त्यावरून काम उरकणाऱ्यांविषयी माझं मत कडक आहे: बेंचसमोर ते दुसऱ्याचं डोकं घेऊन उभे राहतात. एआयनं दिलेले दाखले मूळ निकाल उघडून न तपासता घालणं तर त्याहून धोक्याचं, कारण अस्तित्वातच नसलेले निकाल त्यात असू शकतात. मेंटरही पारखून घ्या. 'छान झालंय' म्हणणारा नको. तुमच्या लाडक्या मुद्द्याविरुद्ध तासभर भांडणारा हवा, मग तो अजून विद्यार्थी का असेना.

आता मनाला खाणारा प्रश्न. ज्यावर विश्वास नाही ती बाजू मांडणं हा खोटेपणा नाही का? मला कित्येक रात्री या प्रश्नानं झोप लागली नाही. आमच्या घरात एक लांबलेलं आजारपण मी जवळून पाहिलंय, त्यामुळे लिव्हिंग विलच्या (पुढे कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवण्याच्या) बाजूनं माझं मत ठाम होतं, आजही आहे. पण उद्या वकील झाल्यावर समोर येणारा प्रत्येक पक्षकार तुमच्या मताचा नसेल. बार कौन्सिलचे नियमही सांगतात की वकिलानं काम स्वीकारावं, नाकारायला तसंच काही खास कारण लागतं. आणि खरं सांगू, धोका नावडत्या बाजूला कमी असतो. ती आपण घाबरून नीट वाचतो. आवडत्या बाजूला 'हे तर उघडच आहे' असं वाटतं आणि तयारी कच्ची राहते. राज्याची, म्हणजे प्रतिवादीची बाजू लढल्यामुळेच मला २०२३ च्या बदलाकडे नीट बघता आलं. २०१८ मध्ये लिव्हिंग विलवर न्यायदंडाधिकाऱ्यांची सही लागत होती, २०२३ मध्ये नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरेसे ठरले. माणसांची सोय झाली याचा आनंद आहेच, पण एक पहारा हलका झाला हेही दिसलं.

मराठी माध्यमातून आलेल्यांना इंग्रजीची धास्ती असते. मलाही होती. बेंच थोडं अडखळणं खपवून घेते, प्रश्न टाळणं खपवून घेत नाही. "मला उत्तर माहीत नाही, पुढच्या मुद्द्याकडे जाण्याची परवानगी द्यावी" हे वाक्य इंग्रजीत पाठ करून ठेवा, ते म्हणण्यात कमीपणा नाही. मुद्दे आधी मराठीत एकमेकांना समजावून सांगा. मराठीत सांगता आला नाही तर तो तुम्हाला कळलेलाच नाही.

शेवटच्या आठवड्यात दोन्ही वक्त्यांनी रोज बाजू बदलून सराव करावा आणि संशोधकानं बेंच व्हावं. त्याला एकच काम द्या: तुम्ही निकालाचं नाव घेतलं की तथ्यं काय होती, अंतिम आदेश काय झाला, आणि तो निकाल आज लागू आहे का, हे तिन्ही विचारायचं. उत्तर अडलं तर तो दाखला त्या दिवसापुरता बाजूला ठेवा आणि रात्री मूळ निकाल उघडा.