व्हॅक्यूम पेट्रोल कॉक बदलताना खरी अडचण टाकीच्या तोंडाशी

व्हॅक्यूम कॉक म्हणजे बाइकच्या टाकीखालचा, इंजिनच्या ओढीने (व्हॅक्यूमने) आपोआप उघडणारा पेट्रोलचा कॉक; ही ओढ बारीक पाइपातून येते. आधी कॉकच खराब आहे याची खात्री करा. कार्ब्युरेटरकडे जाणारा पेट्रोल पाइप काढा, कॉक 'ऑन'वर ठेवा. इंजिन बंद असताना थेंबही यायला नको. मग व्हॅक्यूमच्या बारीक पाइपला सिरिंज लावून दट्ट्या मागे ओढा. धार सुरू व्हायला हवी. ओढ धरून ठेवता येत नसेल, तर डायफ्राम (कॉकमधला पातळ पडदा) फाटलाय किंवा पाइपला चीर गेलीय. हा पाइप आधी तपासा, कारण नुसत्या चिरलेल्या पाइपपायी चांगले कॉक फेकले जातात. तोंडाने ओढायचा सल्ला ऐकू नका. डायफ्राम फाटका असेल तर पेट्रोल थेट घशात जाईल.

बारीक पाइपात पेट्रोल सापडलं, तर ते मॅनिफोल्डमधून (कार्ब्युरेटर आणि इंजिन जोडणाऱ्या नळीतून) सिलिंडरात गेलं असणार. ऑइलची पातळी वाढली असेल किंवा त्याला पेट्रोलचा वास येत असेल तर ऑइल बदलल्याशिवाय गाडी सुरू करू नका.

टाकी रिकामी करून उतरवा, आडवी ठेवा, दोन बोल्ट काढा, जुना कॉक जाळीसकट सरळ बाहेर ओढा. नवा घेताना बोल्टच्या भोकांमधलं अंतर मध्यापासून मध्यापर्यंत मोजून घ्या. दिसायला सारखे कॉक हमखास फसवतात.

आता टाकीचं तोंड, म्हणजे कॉक बसतो ती जागा. नवा कॉक बसवूनही गळतो तो बहुतेक इथेच, आणि दोष मात्र कॉकला दिला जातो. जुनी ओ-रिंग (सांधा बंद करणारं रबरी कडं) कधीच परत वापरायची नाही. पेट्रोलमध्ये फुगून ती चपटी झालेली असते. बसण्याची जागा कापडाने पुसा, चिकटलेला रबर प्लॅस्टिकच्या पट्टीने काढा. स्क्रू-ड्रायव्हरने खरवडलात तर पडलेला ओरखडा कुठलीही ओ-रिंग झाकणार नाही. सिलिकॉन तर अजिबात लावू नका. साधं सिलिकॉन पेट्रोलमध्ये फुगून सुटतं आणि त्याचे तुकडे कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये (पेट्रोलच्या बारीक भोकात) जाऊन बसतात.

दुसरी गोम बोल्टखालच्या वॉशरची. बऱ्याच गाड्यांत ते नायलॉनचे किंवा फायबरचे असतात, कारण पेट्रोल बोल्टच्या आट्यांवाटेही झिरपू शकतं. तिथे साधा लोखंडी वॉशर टाकला की बोल्टच्या डोक्याखालून थेंब येतो, मग माणूस बोल्ट आणखी आवळतो आणि टाकीतले आटे जातात. दोन्ही बोल्ट आधी हाताने लावा, मग आळीपाळीने थोडे थोडे आवळा. ओ-रिंग दबली की थांबा. मॅन्युअलमध्ये टॉर्क दिला असेल तर तोच पाळा.

पाइप जोडा, क्लिपा लावा. पेट्रोल पाइप जाड, व्हॅक्यूमचा बारीक.

टाकी चढवण्याआधी लिटरभर पेट्रोल घालून, कॉकखाली कोरा कागद ठेवून अर्धा तास थांबा. डाग नसेल तरच चढवा. कार्ब्युरेटर रिकामा असल्याने पहिल्यांदा कॉक 'प्राइम'वर ठेवावा लागेल; गाडी सुरू झाली की लगेच 'ऑन'वर आणा. 'प्राइम'वर डायफ्रामचा संबंधच नसतो, पेट्रोल वाहतच राहतं, आणि फ्लोटची सुई (कार्ब्युरेटर भरला की पेट्रोल थांबवणारी) जरा गळकी असेल तर रातोरात इंजिन भरतं.

व्हॅक्यूमची कटकट नको म्हणून साधा हाताचा कॉक बसवत असाल, तर मॅनिफोल्डची मोकळी नळी टोपीने बंद करा. नाहीतर तिथून हवा ओढली जाऊन इंजिन लीन (हवा जास्त, पेट्रोल कमी) चालेल, आयडलिंग अडखळेल, आणि तुम्ही कार्ब्युरेटर खोलत बसाल.