कान टोचल्यावर गाठ आली? ती कापायच्या आधी हे वाचा

कान टोचून काही महिने झाले, भोक छान भरलं आणि मग मागच्या बाजूला गुळगुळीत टणक गाठ यायला लागली, खाज सुटते, तर ते पिकलंय समजून दाबू-फोडू नका. पिकलं तर पू आणि ठणका काही दिवसांतच कळतो. केलॉइड, म्हणजे जखमेबाहेरही वाढत जाणारी व्रणाची गाठ, सहसा उशिरा येतो.

आधी हद्द बघा. व्रण उंच आहे पण जखमेपुरताच, तर बहुतेक हायपरट्रॉफिक (नुसता जाड झालेला व्रण), तो हळूहळू बसूही शकतो. बाजूच्या चांगल्या कातडीवर पसरत चाललाय तर केलॉइड, तो आपोआप क्वचितच जातो. दर महिन्याला शेजारी पट्टी धरून मोबाइलवर फोटो काढत जा, डॉक्टरला फार कामी येतात.

आता हे का होतं, तर जखम झाली की इम्यून सिस्टिमच्या पेशी तिथे धावतात, मॅक्रोफेज सफाई करतात आणि टीजीएफ-बीटासारखी रसायनं सोडून फायब्रोब्लास्ट पेशींना कोलॅजन (कातडीला बळकटी देणारं प्रथिन) बनवायला लावतात, जखम भरली की हे सगळं थांबायला हवं. केलॉइडमध्ये ते थांबतच नाही, टी-पेशी आणि मास्ट पेशी (याही इम्यून सिस्टिमच्याच) तळ ठोकून बसतात, आतली सूज चालूच आणि कोलॅजन साचतच जातं. मास्ट पेशींतून हिस्टामिन सुटतं, खाजेचं एक कारण तेच. म्हणूनच नुसतं कापलं की शरीराला ती नवी जखमच, आणि गाठ बऱ्याचदा परत येते, कधी पहिल्यापेक्षा मोठी. चुना, लिंबू, दोरा बांधणं हे तर अजिबातच नको, त्याने आणखी चिडतं.

स्किनच्या डॉक्टरकडेच जा, पार्लरमध्ये नाही. इंदूरच्या एमवाय हॉस्पिटलला स्किनची ओपीडी आहे. सहसा ट्रायअ‍ॅमसिनोलोनचं इंजेक्शन (हे स्टेरॉइड आहे) गाठीतच देतात, साधारण 4 ते 6 आठवड्यांच्या अंतराने, ते सूज शांत करतं. दुखतं, मुलीला आधीच सांगून ठेवा, आणि तिथली कातडी पातळ किंवा फिकट होऊ शकते. सिलिकॉन शीट (गाठीवर लावायची मऊ पट्टी) रोज निदान 12 तास, निदान 2-3 महिने, पण उघड्या जखमेवर नाही, आणि इंदूरच्या मे महिन्यात घामाने पुरळ येतं तेव्हा शीट आणि कातडी दोन्ही रोज धुवून नीट कोरडी करा. ऑपरेशन ठरलंच तर नंतर इंजेक्शन, प्रेशर क्लिप (कानावर दाब देणारी) की रेडिएशन, हे कापायच्या आधीच विचारून घ्या.

घरात कुणाला केलॉइड असेल तर सराफ्यात दुसरं-तिसरं भोक पाडायला मुलीला नेऊ नका. 11 वर्षांच्या आत टोचलेल्या कानांत हा त्रास कमी दिसतो. टॅटूही टाळा, छाती-खांद्यावरचे पिंपल्स वेळेत दाखवा. हळदीकुंकवाला चार बायका "हे काय गं झालं" विचारतात आणि मुलगी केसांनी कान झाकायला लागते, प्लीज तिला तसं विचारू नका.

गाठ झपाट्याने वाढली, रक्त आलं किंवा वरून फुटली तर ती केलॉइडच आहे असं धरून बसू नका, लगेच दाखवा, बायोप्सी (तुकडा काढून तपासणं) लागू शकते.