स्टीम टर्बाइनच्या लास्ट स्टेजच्या पात्या झिजतात? या चुका टाळा

गोव्यातल्या आमोणे-नावेली पट्ट्यात कारखान्याच्या वाया जाणाऱ्या उष्णतेवर स्टीम टर्बाइन चालतात. अशा संचाचं केसिंग, म्हणजे बाहेरचं कवच, ओव्हरहॉलला उघडलं, शेवटच्या टप्प्यातल्या (लास्ट स्टेज) मूव्हिंग ब्लेडची, म्हणजे रोटरवरच्या फिरत्या पातीची, पुढची कड टोकाकडे करवतीसारखी झालेली दिसली, की फिटरचा प्रश्न ठरलेला: "साहेब, स्टेलाइट मारायचं?" म्हणजे कडेवर कठीण मिश्रधातूचा थर चढवायचा का? मारा, पण आधी तिच्या अगोदरची फिक्स्ड ब्लेड, म्हणजे वाफेला दिशा देणारी स्थिर पाती, बघा.

वाफ इतक्या झपाट्याने प्रसरण पावते की संपृक्त रेषा, म्हणजे एरवी वाफेचं पाणी होऊ लागतं ती मर्यादा, ओलांडली तरी लगेच पाणी होत नाही. मग एकदम धुकं धरतं. त्यातले थेंब एका मायक्रॉनच्या आसपास किंवा त्याहून बारीक, बहुतेक वाफेबरोबर निघून जातात. त्यातले काही फिक्स्ड ब्लेडवर बसतात, पाण्याचा पापुद्रा सरकत मागच्या कडेला येतो आणि तिथून दहा-वीस ते शे-दोनशे मायक्रॉनचे थेंब तुटतात. ते वाफेपेक्षा खूप संथ असल्याने फिरत्या पातीच्या पाठीवर आपटतात. झीज होतेच, वर रोटरला ब्रेकही लागतो. सरासरी १% ओलाव्यामागे (ओलावा म्हणजे वाफेतल्या पाण्याचं प्रमाण) स्टेजची कार्यक्षमता साधारण १% घटते, हा बाउमनचा जुना ठोकताळा आजही वापरात आहे.

म्हणून ओल्या स्टेजमध्ये फिक्स्ड आणि मूव्हिंग ब्लेडमधली फट कमी करण्याचा मोह आवरा. कोरड्या स्टेजला ते चालेल. इथे मात्र थेंबाला वेग घ्यायला, फुटायला अंतर हवं. फिक्स्ड ब्लेडची मागची कड जाड ठेवली तर थेंबही मोठे सुटतात.

सगळ्यात चीड आणणारी चूक म्हणजे केसिंगचे ड्रेन आणि पोकळ फिक्स्ड ब्लेडच्या शोषण-फटी (पाणी ओढून घेणाऱ्या चिरा) साचलेल्या थराने बुजलेल्या असताना तसंच बॉक्स-अप करणं, म्हणजे केसिंग बंद करणं. त्या साफ करणं दिवसभराचं काम, पण शटडाउन लांबेल म्हणून राहून जातं.

वाफेचं तापमानही विसरू नका. ६० बार, ४८० अंशांची वाफ ०.१ बारपर्यंत ८०% कार्यक्षमतेने उतरली तर शेवटी ओलावा साडेसात टक्क्यांच्या घरात असतो. ४३० अंशांवर तो दहाच्या पुढे जातो. बॉयलरकडे येणारा गॅस थंडावला, त्यात डिसेंबर-जानेवारीच्या रात्री कूलिंग टॉवरचं पाणी गार पडून व्हॅक्यूम वाढला, की ओलावा वाढवणाऱ्या दोन्ही गोष्टी एकदम अंगावर येतात.

आणि झीज मागच्या कडेला, मुळाजवळ असेल तर हे निदान लागू नाही. बहुतेक वेळा कमी लोडवर उलटा फिरणारा प्रवाह एक्झॉस्ट हूडच्या (वाफ बाहेर पडते त्या भागाच्या) थंड करणाऱ्या स्प्रेचं पाणी आत ओढतो. तिथे स्प्रेचे नोझल आणि व्हॉल्व्ह तपासा.