ईस्टरपासून मागे मोजत: कॅथलिक प्राथमिक शाळेच्या वर्षभराच्या कार्यक्रमांची आखणी

कॅथलिक प्राथमिक शाळेची कार्यक्रमपत्रिका तयार करण्याचे काम पहिल्यांदाच अंगावर आलेली व्यक्ती बहुधा मागच्या वर्षीचा कागद समोर घेते, तारखा पुढेमागे करते आणि अर्ध्या तासात मोकळी होते. चूक तेथेच होते. या शाळेला एकाच वेळी दोन कालगणना सांभाळाव्या लागतात: एक शाळेची, जिच्यात सत्रे, परीक्षा आणि सुट्ट्या असतात, आणि दुसरी चर्चची, जिच्यातील काही सण ठरलेल्या तारखेला येतात तर काही दरवर्षी जागा बदलतात. मी पूर्वी ज्या शाळेत होते तेथे एका वर्षी आनंदमेळ्याची तारीख सभागृह मोकळे आहे एवढेच पाहून ठरली. सूचना घरोघरी पोहोचल्यावर एका विद्यार्थ्याच्या आजींनी फोन करून शांतपणे विचारले, "त्या दिवशी राखेचा बुधवार आहे, हे तुमच्या लक्षात असेलच ना?" ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळाचा तो पहिला दिवस, आणि ते कोणाच्याच लक्षात नव्हते. मेळा पुढे ढकलावा लागला आणि सभागृहासाठी भरलेले पैसे बुडाले. त्यानंतर मी कोणतीही पत्रिका ईस्टरची तारीख लिहिल्याशिवाय सुरू केलेली नाही.

आधी ईस्टर, मग बाकीचे

बारा महिने एका नजरेत दिसतील असा मोठा कागद घ्यावा आणि त्यावर सर्वप्रथम ईस्टरचा रविवार नोंदवावा. चर्चच्या गणनेनुसार २१ मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पौर्णिमेनंतरचा पहिला रविवार म्हणजे ईस्टर. त्यामुळे तो २२ मार्च ते २५ एप्रिल यांदरम्यान कधीही येऊ शकतो. तेथून ४६ दिवस मागे मोजले की राखेचा बुधवार आणि त्याबरोबर प्रायश्चित्तकाळाची, म्हणजे ईस्टरपूर्वीच्या उपवासाच्या आणि पश्चात्तापाच्या दिवसांची, सुरुवात मिळते, एक आठवडा मागे झावळ्यांचा रविवार मिळतो, आणि ईस्टरचा दिवस धरून पुढे मोजलेला पन्नासावा दिवस म्हणजे पेंटेकॉस्ट. (येथे लॅटिन विधी, म्हणजे बहुसंख्य कॅथलिकांची उपासनापद्धती, गृहीत धरला आहे. पौर्वात्य विधींच्या अनेक चर्चमध्ये हा काळ सोमवारी सुरू होतो.) हा हिशेब किती हलतो ते पाहावे: २०२७ मध्ये ईस्टर २८ मार्चला असल्याने राखेचा बुधवार १० फेब्रुवारीला येतो, तर २०२८ मध्ये ईस्टर १६ एप्रिलला आणि राखेचा बुधवार १ मार्चला येतो. म्हणजे फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात घेतलेले स्नेहसंमेलन एका वर्षी प्रायश्चित्तकाळाच्या मध्यावर पडते आणि पुढच्याच वर्षी त्याच्या आधी, निर्धास्तपणे पार पडते.

प्रायश्चित्तकाळात शाळेने हसूच नये असा याचा अर्थ नाही. क्रीडास्पर्धा, पुस्तकांचे प्रदर्शन, पालकसभा हे सारे चालू शकते. टाळायचे ते जेवणावळीचे आणि धांगडधिंग्याचे कार्यक्रम. शुक्रवारचे भान मात्र जरूर ठेवावे. मांसवर्ज्यतेचा नियम वयाची १४ वर्षे पूर्ण झालेल्यांना आणि उपवासाचा नियम १८ वर्षे पूर्ण झालेल्यांना लागू होतो. म्हणजे प्राथमिक शाळेतील मुले त्यातून मोकळी असली, तरी त्यांना घेऊन येणारे आईवडील आणि स्वागताला उभे असलेले शिक्षक मोकळे नसतात. अशा शुक्रवारी निधीसाठी भोजन ठेवायचेच असेल तर ते साधे आणि शाकाहारी असावे.

यानंतर ठरलेल्या तारखांचे सण नोंदवावेत: १ नोव्हेंबरचा सर्व संतांचा सण, २ नोव्हेंबरचा मृतांचा स्मरणदिन, ८ डिसेंबरचा पवित्र मरियेच्या निष्कलंक गर्भसंभवाचा सण, १९ मार्चचा संत जोसेफचा सण. ऑक्टोबर हा जपमाळेचा आणि मे हा पवित्र मरियेचा महिना असल्याने रोजची दहा मिनिटांची प्रार्थना त्या त्या महिन्यात सहज बसते, त्यासाठी वेगळा समारंभ लागत नाही.

शाळेच्या आश्रयदात्या संताचा सण हा या शाळांचा खरा घरचा सण असतो, आणि तोच कधीकधी पेचात टाकतो. संत जॉन बॉस्को यांचा सण ३१ जानेवारीला, म्हणजे बहुतेक ठिकाणी शाळा भरलेली असताना येतो. एलिझाबेथ ॲन सेटन यांचा ४ जानेवारीला, म्हणजे अनेक ठिकाणी नाताळच्या सुटीत येतो. संत जाँ-बाप्तिस्त द ला साल यांना १९५० मध्ये शिक्षकांचे आश्रयदाते घोषित करण्यात आले आणि त्यांचा स्मरणदिन ७ एप्रिलला असतो. ही तारीख कित्येकदा पवित्र आठवड्यात, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या आठवड्यात, किंवा ईस्टरच्या आठवड्यात अडकते आणि त्या दिवसांत संतांचे स्मरणदिन पाळले जात नाहीत. अशा वेळी धर्मग्रामाच्या (स्थानिक चर्चच्या) फादरांशी बोलून शाळेपुरता सोयीचा दिवस ठरवावा आणि तो वर्षाच्या आरंभीच जाहीर करावा.

शाळेची मिस्सा

मिस्सा म्हणजे कॅथलिकांची मुख्य सामूहिक उपासना; मुलांच्या मिस्सेसाठी चर्चने १९७३ मध्ये स्वतंत्र मार्गदर्शिका काढली. तिचा उपयोग करून न घेता मोठ्यांचीच मिस्सा मुलांवर लादणाऱ्या शाळा पाहिल्या की आश्चर्य वाटते. त्या मार्गदर्शिकेनुसार वाचनांची संख्या कमी करता येते, मात्र शुभवर्तमानाचे (बायबलमधील येशूच्या जीवनकथेचे) वाचन कधीही गाळता येत नाही. मुलांच्या पातळीवर येऊन बोलणे फादरांना जड जात असेल तर धर्मग्रामाच्या प्रमुख धर्मगुरूंच्या संमतीने शुभवर्तमानानंतर एखादी प्रौढ व्यक्ती मुलांशी बोलू शकते. मुलांसाठी अशी मिस्सा रोज ठेवणे इष्ट नाही, असेही तीत म्हटले आहे. माझ्या अनुभवानुसार महिन्यातून एक मिस्सा आणि सणांच्या दिवशीच्या मिस्सा एवढे पुरेसे होते.

वेळ ठरवताना एक साधी गोष्ट हमखास विसरली जाते. ख्रिस्तप्रसाद, म्हणजे मिस्सेत दिली जाणारी पवित्र भाकर, घेण्यापूर्वी एक तास पाणी आणि औषधाखेरीज काही घ्यायचे नसते. मधल्या सुटीत डबा खाल्ल्यावर लगेच मिस्सा ठेवली तर जी मुले ख्रिस्तप्रसाद घेतात त्यांची पंचाईत होते. म्हणून मिस्सा सकाळी पहिल्या तासाला ठेवावी किंवा त्या दिवशी मधली सुटी मिस्सेनंतर द्यावी. ज्या मुलांचा पहिला ख्रिस्तप्रसाद झालेला नाही आणि जी मुले कॅथलिक नाहीत, त्यांनी रांगेत येऊन छातीवर हात जोडून आशीर्वाद घ्यावा की बाकावरच बसावे, हे फादरांना आधी विचारून घ्यावे आणि वर्गात एकदा करून दाखवावे. ऐन वेळी रांगेत गोंधळलेले मूल स्वतःचेच काही चुकले असे समजते.

भाविकांच्या प्रार्थना मुलांनी वाचाव्यात, पण त्यांची तालीम वर्गात घेऊन भागत नाही. मुलाला प्रत्यक्ष चर्चमध्ये न्यावे, वाचनाच्या चौथऱ्यामागे उभे करावे आणि स्वतः शेवटच्या बाकावर जाऊन बसावे. बहुतेक वेळा मुलाचा फक्त भांग दिसतो आणि आवाज मायक्रोफोनच्या खालून निघून जातो. उपाय साधा आहे: पायाखाली एक भक्कम पाट, ठळक मोठ्या अक्षरांत एका कागदावर एकच प्रार्थना, आणि वाक्य संपल्यावर मनात तीन आकडे मोजून मगच "प्रभू, आम्ही तुझ्याकडे प्रार्थना करतो" म्हणण्याची सवय.

मृतांचा स्मरणदिन आणि नाताळ

नोव्हेंबरमधील स्मरण हा शाळेच्या वर्षातील सर्वांत शांत आणि कदाचित सर्वांत जोडणारा प्रसंग असतो, आणि त्याला खर्च जवळजवळ नसतो. प्रवेशद्वाराजवळ एका मेजावर कोरी वही, पेन आणि एक दिवा ठेवावा. कोणत्याही कुटुंबाने, मग ते कोणत्याही धर्माचे असो, आपल्या मृत आप्तांची नावे तीत लिहावीत. मुले सहसा आजोबांचे नाव लिहितात, पण एखादे मूल आईचेही लिहिते. म्हणून वही ठेवण्यापूर्वी त्या वर्षी कोणाच्या घरी मृत्यू झाला आहे याची माहिती वर्गशिक्षकांनी मिळवावी आणि त्या पालकांशी आधी बोलून घ्यावे. वही महिनाभर ठेवावी आणि महिन्याअखेरीच्या मिस्सेत वेदीजवळ न्यावी.

आगमनकाळ हा नाताळच्या आधीचे चार रविवार घेऊन येतो, परंतु शाळा रविवारी भरत नाही. त्यामुळे दर रविवारी एक लावायच्या चार मेणबत्त्यांच्या वर्तुळातील मेणबत्ती सोमवारच्या प्रार्थनेत लावावी. तीन जांभळ्या आणि तिसऱ्या रविवारची एक गुलाबी, असा तिचा क्रम असतो. २०२८ मध्ये नाताळ सोमवारी असल्याने चौथा रविवार २४ डिसेंबरला येतो आणि चौथी मेणबत्ती शाळेत लागणारच नाही. ती घरी लावा, असे मुलांना सांगून टाकावे. गोठ्याच्या देखाव्यातील बाळाची मूर्ती २४ तारखेच्या रात्रीपर्यंत न ठेवण्याची प्रथा शाळेतही पाळावी. रिकाम्या गव्हाणीकडे पाहून मुले जेवढे प्रश्न विचारतात तेवढे भरलेल्या गव्हाणीकडे पाहून विचारीत नाहीत.

जन्माचा देखावा माणसे आणि जनावरे यांच्यासह उभा करण्याची परंपरा असिसीच्या संत फ्रान्सिस यांनी १२२३ मध्ये ग्रेच्चो येथे केलेल्या देखाव्याशी जोडली जाते, आणि त्यात ना लांबलचक संवाद होते ना भाड्याचे पोशाख. नाताळच्या नाटिकेबाबत माझे मत ठाम आहे: सर्वांत लहान वर्गाने ती करावी, प्रत्येक मुलाला रंगमंचावर जागा असावी आणि ती पस्तीस मिनिटांत संपावी. मरियेची भूमिका कोणाला, यावरून पालकांमध्ये रुसवेफुगवे होत असतील तर चिठ्ठ्या टाकाव्यात, आणि त्या मुलांसमोर टाकाव्यात.

पहिला ख्रिस्तप्रसाद

पोप दहावे पायस यांनी १९१० मध्ये काढलेल्या आदेशाने हा संस्कार समजूत येण्याच्या वयाशी, म्हणजे सुमारे सातव्या वर्षाशी जोडला; त्यामुळे तो प्राथमिक शाळेच्या वाट्याला आला. मुलांची तयारी करून घेण्याची जबाबदारी चर्चच्या कायद्याने प्रथम आईवडिलांवर आणि धर्मग्रामाच्या धर्मगुरूंवर टाकली आहे. शाळा त्यांना हातभार लावते. तारीख शाळेने परस्पर ठरवू नये. त्यापूर्वी पहिले पापनिवेदन होणे आवश्यक असल्याने दोन्हींमध्ये काही आठवड्यांचे अंतर ठेवावे. पालकांची पहिली सभा किमान तीन महिने आधी घ्यावी आणि पोशाखावरचा खर्च हा विषय त्याच सभेत उघडपणे काढावा, कारण तो न काढल्यास चढाओढ सुरू होते आणि बेताची परिस्थिती असलेले कुटुंब मुकाट्याने कर्ज काढते. वर्गातील जी मुले यात नसतील त्यांना त्या दिवसांत रिकामे बसवू नये. गाणे, शुभेच्छापत्रे किंवा फुलांची मांडणी यांपैकी काही खरे काम त्यांच्याकडे द्यावे.

पालकांना काम कसे द्यावे

आईवडील हेच मुलांचे पहिले आणि प्रमुख शिक्षक आहेत, असे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ च्या शिक्षणविषयक घोषणापत्रात म्हटले. तरीही "मदतीसाठी पुढे यावे" एवढीच हाक दिली तर तीच सहा माणसे पुढे येतात आणि वर्षाअखेरीस थकून वैतागतात. काम लहान आणि मोजलेले असावे: दोन तास खुर्च्या लावणे, घरी बसून चाळीस नावांच्या चिठ्ठ्या लिहिणे, नव्या कुटुंबाला पहिल्या आठवड्यात एकदा फोन करणे. पाळीत काम करणाऱ्या पालकांना, एकट्याने मूल वाढवणाऱ्यांना आणि आजीआजोबांना झेपेल असे एक तरी काम प्रत्येक यादीत असावे. मुलांसोबत काम करणाऱ्या स्वयंसेवकांबाबत धर्मप्रांताचे आणि शासनाचे सुरक्षिततेचे नियम मात्र काटेकोरपणे पाळावेत. ओळखीचा माणूस आहे म्हणून सूट देऊ नये, आणि छायाचित्रांसाठी पालकांची लेखी संमती घ्यावी.

निधी एका वेळी एकाच कामासाठी गोळा करावा. मुलांनी मुलांना मदत करावी, छोटी प्रार्थना आणि छोटे नाणे द्यावे, ही कल्पना फ्रेंच बिशप शार्ल द फोर्बिन-जान्सों यांनी १८४३ मध्ये मांडली आणि तिच्यातूनच पवित्र बालकांची संस्था उभी राहिली. त्यातील 'छोटे' हा शब्द विसरू नये. निधीचा डबा दोघांनी मिळून उघडावा, रक्कम त्याच दिवशी लिहावी आणि पैसे कोठे गेले ते मुलांना नेमके सांगावे.

सूचना

"सालाबादप्रमाणे यंदाही स्मरणप्रार्थना होणार आहे, सर्वांनी उपस्थित राहावे" ही सूचना वाचून कोणालाही काही कळत नाही. त्याऐवजी असे लिहावे: "गुरुवार, ४ नोव्हेंबर २०२७, सकाळी ९ ते ९.३०, शाळेचे सभागृह. तिसरी आणि चौथीच्या मुलांची स्मरणप्रार्थना. पालकांना येता येईल. लहान भावंडांना आणले तरी चालेल. मुलांनी सोबत काही आणण्याची गरज नाही. काही विचारायचे असल्यास वर्गशिक्षकांना विचारावे." संपण्याची वेळ अवश्य लिहावी, कारण कामावरून तासाभराची सवलत मागणाऱ्या पालकाला तीच हवी असते. कॅथलिक नसलेल्या कुटुंबांसाठी एक वाक्य जास्तीचे घालावे: काय होणार आहे, केव्हा उभे राहायचे आणि कोणत्या गोष्टीत सहभाग ऐच्छिक आहे.

प्रत्येक कार्यक्रमानंतर दोन दिवसांच्या आत एका वहीत अर्धे पान लिहावे आणि ती वही पुढच्या व्यक्तीच्या हाती द्यावी. माझ्या हाती आलेल्या वहीत नाताळच्या पानावर फक्त तीन ओळी होत्या: मेंढ्यांचे कान डोळ्यांवर येतात, रबर बदलावे; देवदूत सतरा होते, पायऱ्या बारा; पहिल्या रांगेत आजीआजोबांना बसवावे, त्यांना मागून ऐकू येत नाही.