बार्शी लाइट मॉडेलसाठी रूळ कोणते घ्यावेत?

१८९७ साली सुरू झालेल्या बार्शी लाइट रेल्वेचं मॉडेल करायचं असेल, तर आधी गेजचं, म्हणजे दोन रुळांमधल्या अंतराचं, गणित मांडा. या लाइनचा गेज तेव्हा अडीच फूट होता, म्हणजे ७६२ मिमी. एचओ स्केलमध्ये (१:८७, म्हणजे खऱ्याच्या ८७ पट लहान मॉडेल) तो ८.८ मिमी होतो, आणि एन गेजचे, म्हणजे एचओहून लहान मॉडेलांचे, तयार रूळ असतात ९ मिमीचे. म्हणजे रूळ एन गेजचे. इंजिन, डबे, स्टेशन, पंढरपूरचे वारकरी मात्र १:८७ चे. जवळजवळ अचूक बसतं! आपल्या ब्रॉडगेजला हे सुख नाही; १६७६ मिमीचे १९.३ होतात आणि एचओचे रूळ १६.५ चेच.

फक्त एन गेजचे स्लीपर (रुळांखालच्या आडव्या पट्ट्या) फार बारीक आणि दाटीवाटीचे दिसतात. त्यांच्यामधले प्लास्टिकचे सांधे कापून स्लीपर थोडे सरकवा, किंवा सरळ मातीत बुजवा. काळ्या मातीसाठी वापरलेली चहापत्ती धुऊन, कडक उन्हात वाळवून, पातळ फेव्हिकॉलवर पसरा. ओलसर राहिली तर बुरशी येते. माझं अख्खं यार्ड हिरवं झालं होतं.

स्टेशनचा नकाशा मिळत नसेल, तर जुन्या फोटोतलं दार मोजपट्टी म्हणून वापरा: सात फुटी दार एचओमध्ये २४.५ मिमी.